ह्यूगो गर्न्सबॅक

ह्यूगो गर्न्सबॅक (जन्म : लक्झेंबर्ग, १६ ऑगस्ट १८८४, मृत्यू : न्यूयॉर्क, १९ ऑगस्ट १९६७) हे लक्झेंबर्गमध्ये जन्मलेले अमेरिकन विद्युत तंत्रज्ञ, संशोधक, व्यावसायिक आणि तांत्रिक नियतकालिकांचे संपादक-प्रकाशक होते. ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’, ‘इलेक्ट्रिकल एक्सपेरिमेंटर’, ‘रेडिओ न्यूज’, ‘रेडिओ-क्राफ्ट’ इत्यादी मासिके त्यांनी स्थापन केली व दीर्घकाळ चालविली. केवळ विज्ञानकथांना वाहिलेले पहिले इंग्लिश मासिक ‘अमेझिंग स्टोरीज’ हेही त्यांनीच १९२६ मध्ये सुरू केले. विज्ञानकथेसाठी दिला जाणारा ‘ह्यूगो पुरस्कार’ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या पुरस्कारामुळे त्यांचे नाव साहित्याच्या क्षेत्रात अधिक परिचित असले, तरी त्यांचे मूळ कार्य तांत्रिक संपादकाचे होते आणि विज्ञानकथेकडेही ते त्याच वाटेने आले.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

गर्न्सबॅक यांचे मूळ आडनाव गर्न्सबाकर असे होते. त्यांचा जन्म लक्झेंबर्ग शहरालगतच्या बोन्वाय या भागात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील मद्याचे घाऊक व्यापारी होते. लहानपणीच विजेच्या घंटा व घट यांचा त्यांना नाद लागला. लक्झेंबर्गमधील औद्योगिक विद्यालयात आणि त्यानंतर जर्मनीतील बिंगेन येथील तंत्रशाळेत त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले.

पर्सिव्हल लोवेल यांचे मंगळाविषयीचे पुस्तक त्यांनी वयाच्या नवव्या वर्षी वाचले आणि त्या वाचनाने ते इतके भारावले की त्यांना ताप भरला, अशी कथा त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. हे पुस्तक १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी गर्न्सबॅक अकरा वर्षांचे होते. कथेतील वय त्यामुळे जुळत नाही. मंगळावरील सजीव सृष्टीच्या कल्पनेचे त्यांना आयुष्यभर आकर्षण होते, एवढे मात्र त्यांच्या पुढील लेखनावरून निश्चितपणे म्हणता येते.

फेब्रुवारी १९०४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ते अमेरिकेत आले. स्वतः विकसित केलेला एक विद्युत घट त्यांच्याजवळ होता. हा घट तत्कालीन घटांपेक्षा अधिक विद्युत प्रवाह देत असे. परंतु त्याच्या उत्पादनाचा खर्च फार असल्याने कारखान्यातून तो मोठ्या संख्येने काढणे परवडणारे नव्हते. घटांच्या या व्यवसायात त्यांना फारसे यश लाभले नाही.

इलेक्ट्रो इंपोर्टिंग कंपनी

प्रयोगांसाठी लागणारे सुटे भाग न्यूयॉर्कमध्ये सहजासहजी मिळत नाहीत, असा अनुभव आल्याने गर्न्सबॅक यांनी ते युरोपातून मागवून टपालाने विकण्याचा व्यवसाय आरंभिला. लुइस कॉगशॉल या तारयंत्र कर्मचाऱ्याशी भागीदारी करून १९०५ च्या सुमारास त्यांनी ‘द इलेक्ट्रो इंपोर्टिंग कंपनी’ स्थापन केली. याच नावातील अक्षरे घेऊन ‘टेलिम्को’ हे नाव तयार करण्यात आले आणि त्या नावाने घरगुती बिनतारी संचाची विक्री सुरू झाली.

टेलिम्को हा सामान्य ग्राहकासाठी विक्रीस आलेला बहुधा पहिला संपूर्ण बिनतारी संच होय. त्याची किंमत दहा डॉलरच्या आत होती आणि ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्याची जाहिरात येत असे. संचात प्रक्षेपक व ग्राहक असे दोन भाग होते. प्रक्षेपकात कोरड्या घटांवर चालणारे प्रवर्तन वेटोळे असून कळ दाबली की दोन गोळ्यांमधील फटीत ठिणगी पडे व विद्युत चुंबकीय तरंग निर्माण होत. ग्राहकात ‘कोहेरर’, म्हणजे धातूचा कीस भरलेली काचेची नळी असे. एरवी हा कीस विजेला विरोध करतो. तरंग पोचताच त्याचे कण एकमेकांना चिकटतात, प्रवाह सुरू होतो आणि घंटा वाजते. त्याच घंटेचा टोला नळीवर बसून कीस पुन्हा सैल होतो व पुढचा संकेत घेण्यास नळी सज्ज होते. आवाज किंवा संगीत या संचावर ऐकू येत नसे. एका खोलीत कळ दाबली असता दुसऱ्या खोलीत, तारेवाचून, घंटा वाजे. त्या काळी एवढ्यानेही पाहणारा थक्क होत असे.

इतक्या कमी किमतीत बिनतारी यंत्र मिळणे शक्यच नाही, हा फसवणुकीचा प्रकार असावा, अशी तक्रार झाल्यावरून एक पोलीस चौकशीस दुकानात आला आणि त्याला प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवावा लागला, असे गर्न्सबॅक सांगत असत. यंत्र पाहूनही लोकांना ते खरे वाटत नाही, कारण त्यामागील तत्त्व त्यांना ठाऊक नसते, असा निष्कर्ष त्यांनी या प्रसंगावरून काढला.

मालाच्या सूचिपत्रकात ते याच कारणाने केवळ वस्तू व किंमत देऊन थांबत नसत. यंत्र कसे चालते, जोडणी कशी करावी, बिघाड कोठे शोधावा, याचे सविस्तर विवेचन त्यात असे. सूचिपत्रक दरवर्षी जाड होत गेले आणि त्यातूनच मासिकाची कल्पना पुढे आली.

‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’

‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’चा पहिला अंक एप्रिल १९०८ मध्ये निघाला. बिनतारी संदेशवहनाचा छंद असणाऱ्या तरुणांसाठी अमेरिकेत निघालेल्या आरंभीच्या मासिकांत त्याची गणना होते. वाचकांनी आपापल्या यंत्रांची छायाचित्रे पाठवावीत, आपल्या जोडण्यांच्या आकृत्या द्याव्यात, शंका विचाराव्यात, अशी या मासिकाची पद्धत होती. दूरच्या खेड्यात एकट्याने खटपट करणाऱ्या मुलाला आपल्यासारखे आणखी कितीतरी जण आहेत, हे प्रथमच कळू लागले. जानेवारी १९०९ मध्ये गर्न्सबॅक यांनी ‘वायरलेस असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही संस्था काढली. ली डी फॉरेस्ट हे तिचे अध्यक्ष होते. सभासदत्वाला शुल्क नव्हते. त्याच वर्षी बिनतारी केंद्रांची नामसूचीही त्यांनी प्रसिद्ध केली.

माल विकणारा आणि त्या मालाविषयीच्या मासिकाचा संपादक एकच, ही व्यवस्था आजच्या दृष्टीने आक्षेपार्ह वाटू शकते. मासिक वाचून प्रयोगाची इच्छा झालेला वाचक सुट्या भागांसाठी संपादकाच्याच दुकानाकडे वळत असे. तथापि त्या काळी दुसरे दुकानही जवळपास नव्हते आणि दुसरे शिक्षकही नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. तरुणांच्या एका संपूर्ण पिढीने विजेची मुळाक्षरे या मासिकांतून गिरविली.

डिसेंबर १९०९ च्या अंकात गर्न्सबॅक यांनी दूरवरचे दृश्य विजेच्या साहाय्याने पाहण्याच्या यंत्रावर लेख लिहिला व त्यात ‘टेलिव्हिजन’ हा शब्द वापरला. हा शब्द त्यांनीच घडविला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. रशियन अभियंता कॉन्स्टंटिन पेर्स्की यांनी १९०० मध्ये पॅरिस येथील परिषदेत तो योजला होता.

हौशी रेडिओ आणि १९१२ चा कायदा

बिनतारी केंद्रांची संख्या वाढू लागली तसा संकेतांचा गोंधळही वाढला. हौशी मंडळी नौदलाच्या व जहाजांच्या संदेशांत व्यत्यय आणतात, अशी तक्रार होऊ लागली आणि हा छंदच बंद करावा, असे सूचविणारी विधेयके अमेरिकेच्या काँग्रेसपुढे आली. गर्न्सबॅक यांनी संपादकीयांतून वाचकांना आपापल्या लोकप्रतिनिधींकडे पत्रे पाठविण्याचे आवाहन केले. मात्र त्यांनी सरसकट मोकळीक मागितली नाही. फेब्रुवारी १९१२ च्या संपादकीयात हौशी केंद्रांची तरंगलांबी २०० मीटरपर्यंत व शक्ती मर्यादित ठेवावी, असा मध्यममार्ग त्यांनी सुचविला.

एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ जहाज बुडाले आणि कायद्याची निकड सर्वांना पटली. ऑगस्ट १९१२ मध्ये संमत झालेल्या कायद्याने खासगी केंद्रांना २०० मीटर तरंगलांबी व एक किलोवॉट शक्ती अशी मर्यादा घातली. ही तरतूद आपल्या संपादकीयामुळे आली, असे गर्न्सबॅक पुढे आयुष्यभर सांगत. कायद्यामागे अनेकांचा हात होता. तेव्हा सगळे श्रेय त्यांना देणे उचित ठरणार नाही. परंतु हौशी केंद्रांची बाजू जाहीरपणे मांडणाऱ्या थोड्या संपादकांत ते होते, हे खरे.

२०० मीटरखालील तरंग त्या वेळी निरुपयोगी समजले जात. हौशी मंडळींना हा पट्टा देणे म्हणजे त्यांची ओसाड रानात बोळवण करण्यासारखे होते. प्रत्यक्षात १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे ११० मीटर तरंगलांबीवर अमेरिका व फ्रान्स येथील हौशी केंद्रांत अटलांटिक महासागरापार दुहेरी संभाषण झाले आणि लघुतरंगांचे महत्त्व जगाला कळले. टाकाऊ ठरविलेला पट्टाच पुढे दूरच्या संदेशवहनाचा मुख्य मार्ग बनला.

‘राल्फ १२४सी ४१+’

अंकात रिकामी राहिलेली पाने भरण्यासाठी गर्न्सबॅक यांनी १९११ मध्ये एक कथा लिहावयास घेतली, असे ते सांगत. ‘राल्फ १२४सी ४१+’ ही कादंबरी एप्रिल १९११ ते मार्च १९१२ या काळात ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली, पुस्तकरूपाने ती १९२५ मध्ये आली. कथानक २६६० सालचे आहे. न्यूयॉर्कमध्ये बसलेला शास्त्रज्ञ नायक स्वित्झर्लंडमध्ये हिमकड्याखाली सापडू पाहणाऱ्या नायिकेला दूरवरून ऊर्जा पाठवून वाचवितो, येथून कथेचा आरंभ होतो.

कादंबरी या दृष्टीने ही कृती सामान्य आहे. पात्रे निर्जीव आहेत, संवाद कृत्रिम आहेत आणि नायक बहुतेक वेळ यंत्रांची माहिती देण्यात घालवितो. तिचे मोल आहे ते यंत्रांच्या वर्णनात. अवकाशयानाचा शोध घेण्यासाठी रेडिओ तरंगांचे स्पंद सोडावेत, धातूच्या पृष्ठभागावरून ते परावर्तित होऊन येण्यास लागणारा काळ मोजावा आणि त्यावरून अंतर काढावे, अशी योजना तिच्यात आकृतीसह दिलेली आहे. रडार प्रत्यक्षात १९३० नंतरच्या दशकात आले. परावर्तित तरंगांवरून जहाज ओळखण्याचा प्रयोग जर्मनीत क्रिस्टियान हुल्समायर यांनी १९०४ मध्येच केला होता. परंतु काळ मोजून अंतर काढण्याचा विचार एका मासिकाच्या गोष्टीत इतक्या स्पष्टपणे यावा, ही नवलाची बाब आहे.

‘इलेक्ट्रिकल एक्सपेरिमेंटर’ व ‘रेडिओ न्यूज’

‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ विकून गर्न्सबॅक यांनी मे १९१३ मध्ये ‘इलेक्ट्रिकल एक्सपेरिमेंटर’ सुरू केले. ऑगस्ट १९२० पासून त्याचे नाव ‘सायन्स अँड इन्व्हेन्शन’ झाले. धाकट्या आकाराच्या तांत्रिक पत्रिकेचे येथे सचित्र लोकप्रिय मासिकात रूपांतर झाले. वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेले चित्रकार फ्रँक आर. पॉल यांची चित्रे हे त्याचे मोठे आकर्षण होते. न घडलेल्या यंत्राचेही चित्र पॉल अशा बारकाईने काढीत की त्यातील खिळा न् खिळा मोजता यावा.

निकोला टेस्ला यांचे आत्मकथन या मासिकाने १९१९ मध्ये क्रमशः प्रसिद्ध केले. टेस्ला त्या काळी आर्थिक विवंचनेत होते आणि लोकांच्या विस्मरणात जाऊ लागले होते. त्यांच्याकडून ही लेखमाला लिहवून घेणे हे गर्न्सबॅक यांचे संपादक म्हणून सर्वांत टिकाऊ कार्य मानावे लागेल. टेस्ला यांच्या बालपणाविषयी व त्यांच्या विचारपद्धतीविषयी आज जे सांगितले जाते, त्यातील बराच भाग या लेखमालेवर आधारलेला आहे. टेस्ला यांचे जानेवारी १९४३ मध्ये निधन झाल्यावर त्यांचा मृत्युमुखवटा गर्न्सबॅक यांनीच करवून घेतला.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरताच, एप्रिल १९१७ मध्ये, सर्व हौशी केंद्रे बंद करण्याचा आदेश निघाला. बंदी उठण्याच्या सुमारास, जुलै १९१९ मध्ये, गर्न्सबॅक यांनी ‘रेडिओ अमॅच्युअर न्यूज’ हे स्वतंत्र मासिक काढले. पुढच्या वर्षी त्याचे नाव ‘रेडिओ न्यूज’ असे सुटसुटीत करण्यात आले. त्याच वर्षी नियमित ध्वनिप्रक्षेपणास आरंभ झाला आणि रेडिओचे वेड देशभर पसरले. मासिकाची वेळ अचूक साधली गेली होती.

‘रेडिओ न्यूज’च्या सप्टेंबर १९२४ च्या अंकातील एक लेख विशेष उल्लेखनीय आहे. सोव्हिएत तंत्रज्ञ ओलेग लोसेव यांनी जस्ताच्या खनिज स्फटिकावर धातूची सुई टेकवून, निर्वात नलिकेवाचून, आंदोलने व विवर्धन घडवून दाखविले होते. गर्न्सबॅक यांनी या शोधाची माहिती ठळकपणे छापली व त्याला ‘क्रिस्टोडाइन’ असे नाव दिले. स्फटिक एकसारखे मिळत नसल्याने व नलिका स्वस्त होऊ लागल्याने ही पद्धत मागे पडली. ट्रान्झिस्टर येण्यास पुढे दोन दशकांहून अधिक काळ लागला. लोसेव यांच्या कार्याची दखल त्यांच्या हयातीत फार थोड्यांनी घेतली, त्यांत या मासिकाचा समावेश होतो.

जून १९२५ मध्ये गर्न्सबॅक यांचे ‘डब्ल्यूआरएनवाय’ हे नभोवाणी केंद्र न्यूयॉर्कमधील रूझवेल्ट हॉटेलातून सुरू झाले. ऑगस्ट १९२८ मध्ये या केंद्रावरून दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण करण्यात आले. चित्र टपालाच्या तिकिटापेक्षा थोडे मोठे असे. ध्वनी व चित्र एकाच वेळी पाठविता येत नसल्याने कलावंताचा चेहरा आधी दिसे व आवाज मागाहून ऐकू येई.

त्यांच्या स्वतःच्या शोधांत हाडांतून कंपने पाठवून ऐकू देणारे ‘ओसोफोन’ हे उपकरण महत्त्वाचे आहे. १९२५ मध्ये त्यांनी मांडलेले ‘आयसोलेटर’ हे यंत्र मात्र कुतूहलाचाच विषय ठरले. लिहिताना मन विचलित होऊ नये म्हणून डोके पूर्ण झाकणारे हे शिरस्त्राण असून त्यात डोळ्यांसमोर बारीक फटी आणि श्वासासाठी प्राणवायूची नळी होती.

‘अमेझिंग स्टोरीज’

तांत्रिक मासिकांतून अधूनमधून छापलेल्या विज्ञानकथा वाचकांना आवडतात, हे लक्षात आल्यावर ऑगस्ट १९२३ मध्ये ‘सायन्स अँड इन्व्हेन्शन’चा एक अंक अशा कथांना वाहण्यात आला. एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे स्वतंत्र मासिक निघाले. या कथाप्रकाराला गर्न्सबॅक यांनी ‘सायंटिफिक्शन’ असा जोडशब्द दिला होता. तो रूढ झाला नाही. पहिल्या अंकातील सर्व कथा पूर्वप्रकाशित होत्या व त्यांत ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स आणि एडगर अॅलन पो यांचा समावेश होता.

कथेने रंजनाबरोबर विज्ञान शिकवावे आणि उद्याच्या यंत्राची कल्पना वाचकाच्या मनात पेरावी, अशी संपादकाची भूमिका होती. सहसंपादक टी. ओ’कॉनर स्लोन हे विजेवरील पाठ्यपुस्तकांचे लेखक होते आणि त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. स्लोन यांच्या मुलाचा विवाह टॉमस एडिसन यांच्या कन्येशी झाला होता. ऑगस्ट १९२८ च्या अंकात ई. ई. स्मिथ यांच्या ‘स्कायलार्क’ मालिकेचा आरंभ झाला. पुढे चित्रमालिकेतून घरोघरी पोचलेला बक रॉजर्स हा नायकही याच अंकात प्रथम अवतरला.

जानेवारी १९२७ पासून वाचकांची पत्रे छापण्यात येऊ लागली. पत्राखाली लेखकाचा संपूर्ण पत्ता असे. त्यामुळे वाचक एकमेकांना थेट लिहू लागले, त्यांची मंडळे बनली आणि पुढील लेखकांपैकी कित्येक जण या मंडळांतून आले. ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’मध्ये बिनतारीच्या छांदिष्टांना एकत्र आणणारी युक्तीच येथे पुन्हा उपयोगी पडली.

मानधनाचा वाद

लेखकांच्या मानधनाबाबत गर्न्सबॅक यांची वागणूक चांगली नव्हती. दर अल्प होते, आणि ठरलेली रक्कमही महिनोन्महिने मिळत नसे. एच. पी. लव्हक्राफ्ट यांना १९२७ मध्ये छापलेल्या ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ या कथेचे पंचवीस डॉलर, तेही वारंवार मागणी केल्यावर, मिळाले. त्यानंतर आपल्या पत्रांतून ते गर्न्सबॅक यांचा उल्लेख ‘उंदीर’ असा करीत. पुढे १९३० नंतरच्या दशकात डोनाल्ड वॉल्हाइम व इतर काही तरुण लेखकांना आपले पैसे वकिलामार्फत वसूल करावे लागले. याच काळात गर्न्सबॅक स्वतःसाठी भरघोस वेतन घेत असल्याने केवळ अडचणीचे कारण पुढे करून या वर्तनाचे समर्थन करता येत नाही.

दिवाळखोरी व उत्तरकाल

फेब्रुवारी १९२९ मध्ये धनकोंच्या अर्जावरून गर्न्सबॅक व त्यांचे बंधू सिडनी यांची ‘एक्सपेरिमेंटर पब्लिशिंग कंपनी’ दिवाळखोरीत गेली. नभोवाणी केंद्राचा खर्च हे त्याचे एक कारण मानले जाते. ‘रेडिओ न्यूज’ व ‘अमेझिंग स्टोरीज’ दोन्ही हातची गेली. मात्र काही महिन्यांतच त्यांनी नवी कंपनी उभी केली आणि ‘सायन्स वंडर स्टोरीज’, ‘एअर वंडर स्टोरीज’ व ‘रेडिओ-क्राफ्ट’ ही मासिके बाजारात आणली. पहिली दोन १९३० मध्ये एकत्र होऊन ‘वंडर स्टोरीज’ झाले व ते १९३६ मध्ये विकण्यात आले. १९३३ मध्ये काढलेले ‘सेक्सॉलॉजी’ हे लैंगिक आरोग्यविषयक मासिक दीर्घकाळ चालले.

‘रेडिओ-क्राफ्ट’चा रोख वेगळा होता. रेडिओ आता घरी जुळवण्याची वस्तू राहिली नसून दुकानातून तयार आणण्याची झाली होती. तेव्हा मासिकाचा वाचकही प्रयोग करणाऱ्या मुलाऐवजी दुरुस्ती करणारा कारागीर बनला. त्याच्यासाठी निरनिराळ्या कंपन्यांच्या संचांच्या मंडल-आकृत्या एकत्र करून गर्न्सबॅक यांनी १९३० पासून जाडजूड दुरुस्ती-पुस्तिका प्रसिद्ध केल्या. जुने संच दुरुस्त करणाऱ्यांना त्या आजही उपयोगी पडतात. १९४८ मध्ये या मासिकाचे नाव ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ झाले. एप्रिलच्या अंकांत ‘मोहम्मद युलिसिस फिप्स’ या टोपणनावाने गर्न्सबॅक एखाद्या काल्पनिक यंत्राची गंभीर चेहऱ्याने ओळख करून देत.

१९५३ मध्ये ‘सायन्स-फिक्शन प्लस’ या मासिकाद्वारे त्यांनी विज्ञानकथेकडे परतण्याचा प्रयत्न केला. ते सात अंकांनंतर बंद पडले. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथील जागतिक विज्ञानकथा संमेलनात त्यांच्या नावाचे पुरस्कार प्रथम देण्यात आले. १९६० च्या पिट्सबर्ग संमेलनात त्यांचा विशेष सन्मान झाला.

समीक्षकांत त्यांच्याविषयी एकमत नाही. सॅम मॉस्कोविट्झ यांनी त्यांना विज्ञानकथेच्या जनकत्वाचा मान दिला, तर ब्रायन आल्डिस यांनी १९७३ मधील आपल्या इतिहासग्रंथात, या माणसाने विज्ञानकथेला साहित्यापासून तोडून यंत्रांच्या वर्णनात अडकविले, अशा आशयाची कठोर टीका केली. आल्डिस यांचा आक्षेप कथांपुरता ग्राह्य आहे. परंतु गर्न्सबॅक यांचे मोजमाप केवळ कथांवरून करणे एकांगी ठरते.

गर्न्सबॅक यांनी इच्छा व्यक्त केल्याप्रमाणे त्यांचे पार्थिव वैद्यकीय अभ्यासासाठी देण्यात आले. त्यांची कागदपत्रे सिरॅक्यूज विद्यापीठात जतन केलेली आहेत.

त्यांच्या मृत्यूनंतरही ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ चालू राहिले. सप्टेंबर १९७३ च्या अंकात डॉन लँकेस्टर यांनी दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर अक्षरे उमटविणारा टंकलेखक घरी कसा बनवावा, हे सांगितले. जुलै १९७४ च्या मुखपृष्ठावर जोनाथन टायटस यांचा ‘मार्क-८’ हा इंटेल ८००८ सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारा, वाचकाने स्वतः जुळवावयाचा संगणक झळकला. १९९२ मध्ये मासिकाचे नाव ‘इलेक्ट्रॉनिक्स नाऊ’ झाले, २००० मध्ये ते ‘पॉपट्रॉनिक्स’मध्ये विलीन झाले आणि २००३ च्या आरंभी त्याचे प्रकाशन थांबले.